इंटरनेटवर माणसं किती आणि तास किती

'जगातली ६०० कोटी माणसं इंटरनेटवर' आणि 'माणूस दिवसाला साडेसहा तास ऑनलाइन' ही दोन वाक्यं बहुतेक वेळा एका दमात येतात. बातमीत, भाषणात, प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर. ऐकणाऱ्याला वाटतं, जगातले तीनचतुर्थांश लोक रोज साडेसहा तास स्क्रीनला डोळे लावून बसलेत. काही जण तर पुढे जाऊन दोन्हींचा गुणाकारही करतात आणि मानवजात रोज किती अब्ज तास जाळते ते सांगतात. तो गुणाकार चुकीचा आहे. हे दोन आकडे वेगळ्या संस्थांनी, वेगळ्या माणसांना विचारून, वेगळ्या कारणासाठी काढलेले असतात.

ते सुटे सुटे पाहिले की जरा वेगळीच गोष्ट दिसते. गेल्या बारा-तेरा वर्षांत ऑनलाइन माणसांची संख्या दुपटीच्या वर गेली. माणशी तास मात्र होते जवळपास तिथेच आहेत.

आधी माणसांचं बघू. जगभरातले इंटरनेट वापरणारे मोजण्याचं काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू करते. संयुक्त राष्ट्रांची ही संस्था जिनिव्हात आहे. तिचा जन्म १८६५ सालचा, म्हणजे तारायंत्राच्या काळातला. आयटीयूची माणसं काही घरोघर फिरत नाहीत. देशोदेशीची सांख्यिकी खाती घरगुती सर्वेक्षणं करतात, त्यांचे निष्कर्ष जिनिव्हाला जातात आणि ज्या देशाने त्या वर्षी सर्वेक्षण केलेलं नसतं त्याचा अंदाज बांधला जातो. सर्वेक्षणातला मूळ प्रश्न साधा आहे: गेल्या तीन महिन्यांत तुम्ही कुठूनही, कोणत्याही साधनावरून इंटरनेट वापरलंत का? उत्तर 'हो' आलं की माणूस ऑनलाइन.

तीन महिन्यांत एकदा, तेही दुसऱ्याच्या फोनवरून वापरलं तरी चालतं. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत नेटवर असणारा आणि तिमाहीत एकदा निकाल बघण्यापुरता कुणाचा तरी फोन मागून घेणारा, या दोघांचं मोल या गणतीत एकच. ही व्याख्या वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. दोनशे देशांना एका मापात बसवायचं तर माप सैलच ठेवावं लागतं. पण '७० टक्के लोक ऑनलाइन' असं वाचताना डोळ्यांसमोर कोण येतं, याचा विचार करावा.

उत्तर देणाऱ्याची बाजूही सरळ नसते. साधारण २०१२ च्या सुमारास इंडोनेशियात संशोधकांनी लोकांना विचारलं, इंटरनेट वापरता का? 'नाही' म्हणणारे बरेच निघाले. त्याच लोकांशी गटचर्चेत बोलणं झालं, तर ते फेसबुकवर किती वेळ असतात, हे मोठ्या उत्साहाने सांगत होते. त्यांच्या लेखी ते फेसबुक होतं. इंटरनेट हे काहीतरी दुसरंच, कॉम्प्युटरवाल्यांचं प्रकरण. सर्वेक्षणात हे लोक कुठल्या रकान्यात पडतील, ते प्रश्न कसा विचारला यावर ठरतं.

त्यामुळे हे आकडे मागाहून बदलतातही. आयटीयूच्या २०२४ च्या अहवालात ५५० कोटी लोक ऑनलाइन होते. २०२५ च्या अहवालात नवी माहिती हाताशी धरून त्याच २०२४ सालचा आकडा ५८० कोटी करण्यात आला आणि २०२५ साठी ६०० कोटी सांगण्यात आले. म्हणजे दोन अहवालांची शीर्षकं शेजारी ठेवून 'एका वर्षात ५० कोटी वाढले' असं कुणी लिहिलं तर ते फसलं. खरी वाढ साधारण २० कोटींची, बाकीची कागदावरची दुरुस्ती.

वाढ कशी झाली

दिशा मात्र वादातीत आहे. १९९५ साली जगातले एक टक्काही लोक इंटरनेटवर नव्हते. २००५ मध्ये ते १०० कोटींच्या घरात, म्हणजे सुमारे १६ टक्के झाले. २०१९ मध्ये, त्या वेळच्या अंदाजानुसार, ४१० कोटी. मग महामारी आली. शाळा, कचेऱ्या, डॉक्टर सगळं घरात आलं आणि २०२१ पर्यंत ४९० कोटी. दोन वर्षांत ८० कोटींची भर पडली. त्यातल्या बऱ्याच लोकांना हौस नव्हती, दुसरा रस्ताच उरला नव्हता.

ही वाढ समजून घ्यायची तर डायल-अपचा काळ आठवावा लागेल. तेव्हा नेटसाठी घरात टेलिफोनची तार हवी, कॉम्प्युटर हवा, मोडेम हवा. नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज, आणि अनेक ठिकाणी बिल मिनिटावर. दारोदार तांब्याची तार टाकणं हे जगातल्या बहुतेक भागांत परवडणारं नव्हतंच, म्हणून इंटरनेटही तार होती तिथेच थांबलं. मोबाइलने ही अट काढून टाकली. एक टॉवर उभा केला की भोवतालच्या सगळ्यांना सिग्नल. प्रत्येकाच्या घरापर्यंत खोदकाम नाही. थ्रीजी २००१ मध्ये जपानमध्ये सुरू झालं, पहिला आयफोन २००७ चा, पहिला अँड्रॉइड फोन २००८ चा, आणि फोरजीची पहिली व्यावसायिक सेवा २००९ च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये. सिग्नल, स्वस्त होत जाणारा फोन आणि बोटाने चालणारा पडदा या तिन्ही गोष्टी दहा वर्षांच्या आत एकत्र आल्या. जगातल्या मोठ्या लोकसंख्येने कॉम्प्युटरचा टप्पा ओलांडला नाही, तो गाळलाच.

टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचं कौतुक जास्त होतं. पण टॉवरपर्यंत आलेला डेटा पुढे जातो तो जमिनीखालच्या आणि समुद्राखालच्या फायबरमधून. खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळाशी पडलेल्या केबलींमधून होते, उपग्रहातून नाही. पूर्व आफ्रिकेतल्या केनिया, टांझानियासारख्या देशांना २००९ पर्यंत अशी एकही फायबर केबल पोचलेली नव्हती. तोवर त्या देशांचा मुख्य आधार उपग्रह होता, आणि जुन्या पद्धतीचा संचार उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. हिशेब करा. सिग्नल वर जाणार, खाली येणार, हे झाले ७२,००० किलोमीटर. उत्तर परत येताना पुन्हा तेवढेच. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरी विचारल्यापासून उत्तर मिळेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद निव्वळ प्रवासात जातो. एका पानासाठी अशा डझनभर फेऱ्या होतात. वर ती सेवा महाग. केबल आली आणि हे दोन्ही अडथळे एकदम कमी झाले. अलीकडच्या स्टारलिंकसारख्या सेवा उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरवतात, ते याच विलंबावरचं उत्तर आहे.

केबल तुटली तर काय होतं ते टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाने जानेवारी २०२२ मध्ये पाहिलं. समुद्राखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, देशाला जगाशी जोडणारी केबल तुटली आणि ती दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. टॉवर होते, फोन होते, डेटा पॅकही असतील.

मागे राहिले ते कोण

आयटीयूच्या हिशेबाने २०२५ मध्ये २२० कोटी लोक ऑनलाइन नव्हते. आपली सहज समजूत अशी, की हे सगळे डोंगरदऱ्यांत, सिग्नल नसलेल्या जागी राहणारे असणार. तसं नाही. मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने २०२४ मध्ये जी आकडेवारी दिली, तीत मोबाइल ब्रॉडबँडचा सिग्नलच पोचत नाही असे लोक जेमतेम ४ टक्के, सुमारे ३५ कोटी होते. सिग्नल डोक्यावर आहे पण मोबाइल इंटरनेट वापरत नाहीत असे ३९ टक्के, सुमारे ३१० कोटी. (हा आकडा आयटीयूच्या आकड्यापेक्षा मोठा आहे, कारण जीएसएमए स्वतःच्या फोनवर नेट वापरणाऱ्यांनाच धरते आणि उरलेल्यांत लहान मुलंही येतात.)

रस्ता दारापर्यंत आलाय. पण गाडी नाही, चालवता येत नाही आणि जायचं कुठे तेही कुणी सांगितलेलं नाही, असा हा मामला आहे. 'इंटरनेट पोचवू' म्हणून टॉवर उभारणाऱ्या घोषणा ऐकताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. टॉवर उभारणं हा प्रश्नातला सोपा भाग होता आणि तो बऱ्याच अंशी झालाय.

राहिलेल्या भागात सगळ्यात वर आहे फोनची किंमत. डेटा थोडा थोडा विकत घेता येतो, जमेल तसा. फोनचे पैसे एकदम मोजावे लागतात, आणि महिनाअखेर हातात काही न उरणाऱ्या घराला ते जमत नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये उद्दिष्ट ठेवलं होतं की प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत यावा. उद्दिष्ट चांगलं होतं, पण ते डेटाच्या दराबद्दल होतं. फोन त्यात धरलेला नव्हता, आणि सरासरी उत्पन्नात सगळ्यात गरीब माणूस झाकून जातो.

दुसरं कारण वापरता येणं-न येणं. वाचता येत नसेल तर पडद्यावरची बटणं म्हणजे चित्रविचित्र खुणा. वाचता येत असेल आणि आपल्या भाषेत कामाचं काही सापडत नसेल, तर वापरून करायचं काय? घरात फोन एकच असेल तर तो कुणाच्या खिशात राहतो, हेही ठरलेलं असतं. आयटीयूच्या २०२४ च्या अहवालात जगभरात ७० टक्के पुरुष ऑनलाइन होते आणि ६५ टक्के स्त्रिया. गरीब देशांत ही दरी याहून बरीच रुंद आहे. शहरांत ८३ टक्के, ग्रामीण भागात ४८. श्रीमंत देशांत ९३ टक्के, सगळ्यात कमी उत्पन्नाच्या देशांत २७. एकाच वर्षातले हे आकडे आहेत.

तासांचं गौडबंगाल

आता दुसरा आकडा. 'दिवसाला साडेसहा तास' हा येतो मुख्यतः जीडब्ल्यूआय या बाजार संशोधन कंपनीच्या सर्वेक्षणातून. पन्नासहून अधिक देशांत, साधारण १६ ते ६४ वयाच्या इंटरनेट वापरणाऱ्यांना विचारलं जातं की तुम्ही दिवसाला किती वेळ ऑनलाइन असता. हे सर्वेक्षण स्वतःच ऑनलाइन भरलं जातं. म्हणजे जो कधीमधी नेटवर येतो, तो या प्रश्नावलीपर्यंत पोचण्याची शक्यता मुळातच कमी. आयटीयूच्या गणतीतला तिमाहीत एकदा येणारा माणूस इथे जवळपास नाहीच. गुणाकार चुकतो तो इथे.

या मालिकेत २०१३ च्या सुमारास सरासरी सहा तासांच्या थोडी वर होती. महामारीत ती सात तासांच्या जवळ गेली. नंतर उतरली आणि गेली काही वर्षं सहा तास चाळीस मिनिटांच्या आगेमागे घुटमळते आहे. देशादेशांत फरक प्रचंड आहे: दक्षिण आफ्रिकेत नऊ तासांच्या वर, जपानमध्ये चारच्याही आत. पण एकूण रेषा बघावी तर दहा वर्षांत फारशी चढलेली नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. दिवस चोवीस तासांचा, त्यातली झोप, काम आणि प्रवास वजा करा. एका मर्यादेनंतर नवा तास आणायचा कुठून? या काळात जे बदललं ते तासांच्या आत: कॉम्प्युटरवरचा वेळ फोनवर आला, टीव्हीवरचा वेळ स्ट्रीमिंगमध्ये गेला, मजकुराची जागा व्हिडिओने घेतली.

शिवाय माणसाला स्वतःचा वेळ नीट सांगताच येत नाही. २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर' या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेली तपासणी आली. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर क्वचितच जुळत होते. कुणी फार कमी सांगतो, कुणी फार जास्त. ब्रिटनची नियामक संस्था ऑफकॉम लोकांना न विचारता त्यांच्या उपकरणांवरची नोंद वापरते. २०२४ मध्ये तिथल्या प्रौढांची सरासरी निघाली दिवसाला चार तास वीस मिनिटं. त्यात फोन, टॅब्लेट आणि कॉम्प्युटर धरलेत, टीव्हीच्या पडद्यावर पाहिलेलं स्ट्रीमिंग नाही. आणि तिथे हा आकडा आदल्या वर्षीपेक्षा वाढलेला होता. म्हणजे 'तास वाढत नाहीत' हे माझं विधानही कुणाला आणि कसं विचारलं, याच अटीवर खरं आहे.

मग यंत्रावर विश्वास ठेवावा? स्वतःच्या फोनमध्ये बघा. २०१८ पासून आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' आहे, अँड्रॉइडमध्येही त्याच वर्षी तसंच साधन आलं. ते मुख्यतः एवढंच मोजतं की पडदा चालू असताना समोर कोणतं अ‍ॅप होतं. नकाशा लावून दोन तास गाडी चालवली, तर दोन तास. विमानात नेट बंद करून ई-पुस्तक वाचलं, तर तेही, जरी त्यात ऑनलाइन काहीच नव्हतं. उलट पडदा बंद करून खिशात तासभर गाणी स्ट्रीम केली, तर त्याची नोंद बहुधा शून्य. डायल-अपच्या काळात ऑनलाइन होण्याला सुरुवात असायची आणि शेवट असायचा. मोडेम करकरायचा आणि मग तुटायचा. आता फोन कायम जोडलेलाच असतो. 'किती तास ऑनलाइन' हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आपण तो अजून विचारतोय.

तरी एका ठिकाणी हे तास अतिशय काटेकोरपणे मोजले जातात, ते म्हणजे ज्यांचा धंदा त्यांवर चालतो तिथे. जाहिरातीवर जगणाऱ्या सेवेला तुम्ही किती वेळ थांबलात हे नेमकं माहीत असावं लागतं. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ सुचवताना क्लिकपेक्षा 'किती वेळ पाहिला' याला वजन द्यायला सुरुवात केली. कारण रास्त होतं: नुसत्या क्लिकांवर भर दिला की भडक शीर्षकांचं फावतं. परिणाम मात्र असा, की आता यंत्रणेचं ध्येयच तुम्हाला थांबवून ठेवणं हे झालं. त्याआधी, २००६ मध्ये, अझा रॅस्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं होतं. पान संपून 'पुढे' दाबायची वेळ यायची, तेव्हा माणूस क्षणभर विचार करायचा. ती जागाच गेली. या कामाबद्दल रॅस्किनने पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली.

या धंद्यात मिनिट केवढं मोठं असतं, याचं एक उदाहरण फारच बोलकं आहे. २०१८ च्या सुरुवातीला फेसबुकने सांगितलं की व्हायरल व्हिडिओ कमी दाखवल्यामुळे लोकांचा फेसबुकवरचा वेळ रोज सुमारे ५ कोटी तासांनी घटला. बातम्यांमध्ये ५ कोटी हा आकडा गाजला. फेसबुकवर तेव्हा रोज येणारे लोक होते सुमारे १४० कोटी. भागाकार केला तर माणशी दोन मिनिटं आणि काही सेकंद. एका माणसाला जाणवणारही नाही एवढा फरक, आणि तो कंपनीच्या ताळेबंदाबरोबर गुंतवणूकदारांना सांगावा लागला. अशा ठिकाणी तुमची पाच मिनिटं वाढवण्यासाठी किती हुशार माणसं कामाला लागलेली असतात, याचा अंदाज यावरून यावा.

हे तास अपायकारक आहेत का, यावर संशोधकांचं एकमत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या मते मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो. जीन ट्वेंगी यांच्यासारख्या अभ्यासकांना हे पटत नाही. मुली आणि सोशल मीडिया असं वेगळं काढून पाहिलं तर संबंध बराच मोठा दिसतो, असं त्या म्हणतात. मला दोन्ही बाजूंपेक्षा मापाचीच जास्त शंका येते. आजीशी व्हिडिओ कॉलवर घालवलेला तास आणि मध्यरात्री अनोळखी लोकांच्या शिव्या वाचत घालवलेला तास एकाच रकान्यात टाकला, तर उत्तर गुळमुळीतच येणार.

कायद्याला मात्र मोजता येईल असंच काहीतरी लागतं. म्हणून चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांच्या ऑनलाइन गेमना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तास एवढी मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने तास सोडून वय धरलं: १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना प्रमुख सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये अशी आहे.

येत्या काही वर्षांत दोन्ही आकडे उलट दिशांना जाताना दिसतील. नव्याने ऑनलाइन येणारा माणूस जुन्यांसारखा वापर करणार नाही. आयटीयूच्या २०२५ च्या अहवालानुसार उच्च उत्पन्नाच्या देशातला मोबाइलधारक कमी उत्पन्नाच्या देशातल्या मोबाइलधारकाच्या जवळपास आठपट डेटा वापरतो. मोजून डेटा घेणारा माणूस व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करून ठेवतो, फोटो उघडण्याआधी विचार करतो आणि काम झालं की डेटा बंद करतो. असे कोट्यवधी लोक गणतीत येतील आणि वेळ मोजणाऱ्यांनी त्यांना खरोखर विचारलं, तर जगाची सरासरी खाली येईल. तेव्हा 'लोक इंटरनेटला कंटाळले' अशा बातम्याही येतील, जुन्यांचं एक मिनिटही कमी झालेलं नसताना.